घरदुरुस्ती आणि पुनर्विक्रीमूल्य (कोकण)

घराची दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम ठरवताना, घातलेल्या पैशांतले किती पुढे विक्रीच्या किमतीतून वसूल होतील याचा आधी बांधलेला अंदाज. कोकणात हा हिशेब उशिरा आला. वडिलोपार्जित घर विकायचे नसतेच. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी आले की सगळे त्यात मावावेत, एवढ्याचसाठी घराला हात लावत. अलिबाग, दापोली, गुहागर, मालवणकडे मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक येऊ लागले तशी विचारात किंमतही आली.

खर्चाआधी कागद पाहावे लागतात. सातबाऱ्यावर चुलत भावंडांची, आत्यांची नावे असतील, तर एकाने स्वतःच्या पैशाने चढवलेला मजला वाटणीत त्याच्याच पदरात पडेल असे नाही. जमीन बिनशेती नसेल तर 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 आडवे येते: शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणजे गिऱ्हाईकच घटते. किनाऱ्यालगत सीआरझेडच्या, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या, पट्ट्यात विनापरवाना वाढवलेली खोली किंमत वाढवत नाही, उलट व्यवहार अडवते.

त्यानंतर छप्पर. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीकडची कौले आणि पत्रे उडवले. जाणता गिऱ्हाईक आधी मान वर करून आढे आणि वासे पाहतो: वाळवी आहे का, पाणी कुठे झिरपते. कौले उतरवून स्लॅब घालणे ही प्रगती मानली गेली, पण खाऱ्या हवेत सळई गंजते, स्लॅबचे पोपडे निघतात आणि गळती थांबवायला वर पुन्हा पत्र्याची शेड येते. शहरातून आलेल्याला नेमकी जांभ्याची भिंत, ओटी आणि पडवीच हवी असते. चांगले चिरेबंदी घर पाडून फरशीचा बंगला बांधणे म्हणूनच दुहेरी नुकसान ठरते, आणि गेलेली ओटी परत येत नाही याचे दुःख वेगळेच. पैसे वासे बदलण्यात, घरातच संडास-न्हाणीघर करण्यात, मे महिन्यातही पाणी देणाऱ्या विहिरीत घालावेत. महागड्या टाइल्सचे मोल गिऱ्हाईक सहसा देत नाही.

बिले जपणे मात्र अनेकांकडून राहते. घर विकल्यावर प्राप्तिकरासाठी भांडवली नफा काढताना 1 एप्रिल 2001 नंतरच्या सुधारणांचा खर्च वजा करता येतो. रंगकाम किंवा फुटकी कौले बदलणे अशी नित्याची डागडुजी त्यात धरत नाहीत.