भूकालाची पट्टी: आधी क्रम, मग वर्षे

१८४१ साली जॉन फिलिप्स या इंग्रज भूवैज्ञानिकाने जीवसृष्टीच्या इतिहासाचे तीन मोठे भाग पाडले: पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव महाकल्प. संग्रहालयांच्या भिंतींवर आणि पाठ्यपुस्तकांत आज जी कालपट्टी दिसते, तिचा सांगाडा हाच आहे. या महाकल्पांत बसणारे कल्पही तोवर बहुतेक ठरून गेले होते. कँब्रियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बॉनिफेरस, पर्मियन, ट्रायासिक, जुरासिक, क्रिटेशस ही सगळी नावे १७९९ ते १८४१ या चार दशकांत आली. आणि यांतल्या एकाही थराचे वय किती, हे तेव्हा जगात कुणालाही सांगता येत नव्हते.

विज्ञानाच्या इतिहासातली ही फार मोठी कामगिरी आहे, असे मला वाटते. वर्षे ठाऊक नसताना कालगणना उभी राहिली, आणि पुढे वर्षे मोजता येऊ लागली तेव्हा या कल्पांचा क्रम बदलावा लागला नाही. तिला आधार होता तो एवढाच: जीवांच्या जाती नाहीशा होतात, आणि गेलेली जात पुन्हा अवतरत नाही. आज हे सहज बोलता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक विद्वानांना ते मान्य नव्हते.

त्याआधी जीवाश्म म्हणजे काय, याचाच घोळ होता. समुद्रापासून कितीतरी दूर, डोंगरांत शंखशिंपले सापडत. कोणी म्हणे ते प्रलयात वाहून आले, कोणी म्हणे दगडाच्या पोटातच तशा आकृती तयार होतात. युरोपात ‘जिभेचे दगड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणी, तकतकीत दगडांविषयी तर प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने लिहून ठेवले होते की, चंद्र क्षीण असताना ते आकाशातून पडतात. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांच्या हाती एक प्रचंड शार्क लागला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाकडे विच्छेदनासाठी आले. त्या जबड्यातले दात आणि ते दगड एकाच घडणीचे दिसत होते. हे दगड म्हणजे जुन्या शार्कचे दातच असले पाहिजेत, असे त्याने दुसऱ्या वर्षी छापून मांडले.

मग खरा प्रश्न पुढे आला. घट्ट दात घट्ट खडकाच्या आत शिरला कसा? तो शिरला तेव्हा खडक मऊ गाळ असला पाहिजे. १६६९ मध्ये स्टेनोने यातूनच नियम बांधला: गाळाचे थर आडवे, एकावर एक साचतात, म्हणून पुढे उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. उघड्या कड्यासमोर उभा राहिलेला भूवैज्ञानिक आजही सुरुवात इथूनच करतो.

पण हा नियम एका कड्यापुरताच चालतो. या दरीतला वालुकाश्म आणि शंभर कोसांवरचा वालुकाश्म एकाच काळातले आहेत की नाहीत, हे त्याने कळत नाही, कारण वाळू कुठल्याही काळात साचते. १७५९ मध्ये जोव्हान्नी अर्दुइनो याने उत्तर इटलीतल्या डोंगरांची प्रथम, द्वितीय, तृतीय अशी वर्गवारी केली, ती मुख्यतः खडकांच्या प्रकारावरून. १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट येथे जेम्स हटनने उभ्या झालेल्या थरांच्या झिजलेल्या माथ्यावर दुसरे, थोडेसे कललेले थर पाहिले. गाळ साचला, दगड झाला, उभा झाला, झिजला आणि त्यावर पुन्हा गाळ साचला, एवढ्या घडामोडींना लागणारा काळ त्याला अथांग वाटला. काळ अफाट आहे, हे हटनने दाखवले. तो कुठे कापायचा, याचे साधन मात्र त्याच्याजवळ नव्हते.

ते साधन मिळायला आधी जाती मरतात ही गोष्ट मान्य व्हावी लागली. निर्मिती परिपूर्ण आहे आणि तिच्या साखळीतली एकही कडी तुटू शकत नाही, ही समजूत खोलवर रुजलेली होती. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला टॉमस जेफरसन याच मताचा होता. तिथे सापडलेल्या प्रचंड हाडांचे मालक पश्चिमेकडच्या अज्ञात मुलुखात अजून हिंडत असतील, असे त्याला वाटे. यापूर्वी काही जाती नष्ट झाल्या असाव्यात, असे रॉबर्ट हुकसारख्या एखाद्याने सतराव्या शतकातच सुचवले होते. जीवाश्मांवरून कालक्रम लावता येईल, अशीही त्याची कल्पना होती. ती व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये छापली गेली.

१७९६ मध्ये पॅरिसला सव्विशीतल्या जॉर्ज क्युव्हिएने हत्तींवर निबंध वाचला. जबडे आणि दाढा यांची तुलना करून त्याने दाखवले की भारतीय हत्ती आणि आफ्रिकी हत्ती या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि सायबेरियात सापडणारा मॅमथ या दोहोंहूनही वेगळा आहे. मग तो जिवंत का दिसत नाही? एखादा शिंपला नाहीसा झाला म्हटले, तर समुद्राच्या तळाशी तो असेल, असे उत्तर तयारच असे. हत्तीएवढा प्राणी लपणार कुठे? क्युव्हिएचा युक्तिवाद इथे बिनतोड होता, आणि पुढच्या काही वर्षांत त्याने अशा नामशेष जनावरांची रांगच लावली. (सागराच्या तळाबद्दलची शंका अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगायला हवे. क्रिटेशसअखेर संपला असे मानलेला सीलॅकँथ मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात जिवंत आला.) क्युव्हिए उत्क्रांती मानत नव्हता. तरीही उत्क्रांतीच्या विचाराला जे लागते, म्हणजे मागे टाकलेला आणि संपलेला एक भूतकाळ, ते त्यानेच पुरवले.

त्याच सुमारास विल्यम स्मिथ हा लोहाराचा मुलगा इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या कोळसा कालव्याची मोजणी करत होता. त्याला विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. कालव्यासाठी खोदताना थर एकामागून एक उघडे पडत, आणि त्याच्या ध्यानात आले की दिसायला सारखे असलेले दोन थर त्यांतल्या जीवाश्मांवरून बिनचूक वेगळे ओळखता येतात. प्रत्येक थराचा आपला जीवाश्मसमूह असतो आणि या समूहांचा क्रम गावोगावी तोच राहतो. १७९९ मध्ये त्याने बाथच्या परिसरातल्या थरांचा तक्ता तयार केला आणि १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडच्या काही भागाचा रंगीत भूनकाशा प्रसिद्ध केला. हे सर्व एका माणसाने वर्षानुवर्षे पायपीट करून केले. हातचे पैसे संपले, जीवाश्मांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला, आणि १८१९ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्याला मान दिला तो १८३१ मध्ये, पहिले वोलॅस्टन पदक देऊन. स्मिथजवळ वाढलेला त्याचा पोरका भाचा त्याच्या संग्रहावर काम करता करता शिकला. महाकल्पांची विभागणी करणारा जॉन फिलिप्स तो हाच.

यानंतरची नामकरणे वेगाने झाली आणि त्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही. चार्ल्स लायलची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. १८३३ मध्ये त्याने नवजीव थरांचे भाग पाडताना एकच हिशेब लावला: थरातल्या शंखशिंपल्यांच्या जातींपैकी किती टक्के आजही जिवंत आहेत? इओसीनमध्ये सुमारे साडेतीन टक्के, मायोसीनमध्ये सतरा-अठरा, प्लायोसीनमध्ये तिसऱ्या हिश्शापासून वर. जितके जिवंत कमी, तितका थर जुना. जाती मरण्याचा वेग हेच त्याचे घड्याळ होते.

ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन या ब्रिटिश भूवैज्ञानिकांचे भांडण या सगळ्यात बोधक आहे. दोघे मित्र होते. १८३५ मध्ये वेल्समधल्या थरांतून सेजविकने खालून वर येत कँब्रियन आखला आणि मर्चिसनने वरून खाली जात सिल्युरियन. मधले थर दोघांच्याही हद्दीत आले आणि मैत्री तुटली. मर्चिसन १८७१ मध्ये गेला, सेजविक १८७३ मध्ये, वाद तसाच राहिला. तो सोडवला चार्ल्स लॅपवर्थ या स्कॉटलंडमधल्या शाळामास्तराने. डॉब्ज लिन नावाच्या घळईतल्या शेल या काळ्या, पापुद्री खडकात ग्रॅप्टोलाइट नावाचे जीवाश्म मिळतात, पाटीवर पेन्सिलीने ओढलेल्या करवती रेघांसारखे. हे वसाहत करून राहणारे, बहुतांशी समुद्रात तरंगणारे जीव होते. तरंगत असल्याने ते दूरवर पसरले आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलल्या. काळ ओळखण्यासाठी जीवाश्मात हेच दोन गुण हवेत: पसारा मोठा, आयुष्य छोटे. लॅपवर्थने एकेका जातीच्या पट्ट्या लावत थर उलगडले आणि १८७९ मध्ये वादग्रस्त भागाला ऑर्डोव्हिसियन हा स्वतंत्र कल्प दिला. डायनोसॉर लोकांच्या मनात भरतात आणि त्यात गैर काही नाही. पण कालपट्टी उभी आहे ती ग्रॅप्टोलाइट, अमोनाइट हे नामशेष शंखधारी सागरी जीव आणि कॉनोडॉन्ट या नामशेष सागरी प्राण्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे दात यांच्यावर.

वर्षांचा प्रश्न मात्र तसाच होता. डार्विनने १८५९ मध्ये आग्नेय इंग्लंडमधल्या एका खोऱ्याची झीज धरून ३० कोटी वर्षांचा अंदाज केला आणि टीका झाल्यावर तो पुढे गाळून टाकला. फिलिप्सने १८६० मध्ये गंगेच्या गाळाचा वेग धरून सर्व थरांना मिळून सुमारे ९ कोटी ६० लाख वर्षे दिली. लॉर्ड केल्व्हिनने तप्त पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून १८६२ मध्ये २ ते ४० कोटींची मर्यादा घातली आणि अखेरीस ती २ ते ४ कोटींवर आणली. भूवैज्ञानिकांना हे फार थोडे वाटत होते, पण समीकरणाला उत्तर देता येत नव्हते. १८९६ मध्ये किरणोत्सर्ग सापडला आणि मोजमापाचे नवे साधन हाती आले. खडकातले युरेनियम ठराविक वेगाने शिशात बदलते. दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. १९११ मध्ये एकवीस वर्षांच्या आर्थर होम्सने एका डेव्होनियन खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. आजच्या मापाने डेव्होनियन सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले, आणि त्यात आजवर फारसा बदल झालेला नाही.

जीवाश्म असलेल्या गाळाच्या खडकाचे वय या रीतीने सहसा थेट मोजता येत नाही. त्याच्या खाली आणि वर ज्वालामुखीची राख सापडली तर तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचे वय काढतात आणि मधल्या जीवाश्मांना त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसवतात. म्हणजे आकड्यांनी जीवाश्मांची जागा घेतली नाही.

फिलिप्सने १८६० मध्येच काढलेल्या आलेखात जीवसृष्टीच्या वैविध्याला दोन खोल खळगे दिसत होते, पर्मियनच्या शेवटी आणि क्रिटेशसच्या शेवटी. त्याचे महाकल्प तिथेच तुटतात. पण सर्व बदल संथ असतात, या लायलच्या शिकवणीचा पगडा एवढा होता की पुढची शंभर वर्षे अनेकांनी हे खळगे नोंदीतले दोष मानले. १९८० मध्ये लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिटेशसच्या सीमेवरील मातीत इरिडियम या पृथ्वीच्या कवचात विरळ पण उल्कांमध्ये विपुल असणाऱ्या धातूचे असाधारण प्रमाण दाखवून लघुग्रहाच्या आघाताचा सिद्धांत मांडला. १९९१ मध्ये मेक्सिकोतले चिक्शुलुब विवर हीच त्या आघाताची जागा असल्याचे पुढे आले. ती घटना ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. पर्मियनअखेरचा संहार, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, याहून भयंकर होता: सागरी जातींपैकी दहांतल्या आठ-नऊ संपल्या. सायबेरियातल्या लाव्हाच्या महापुराशी त्याचा संबंध लावला जातो.

सीमा कुठे, यावर वाद नको म्हणून १९७२ पासून एक रीत आली. प्रत्येक सीमेसाठी जगातला एकच कडा निवडायचा आणि त्यातला एक थर मुक्रर करायचा. त्याला ‘सोनेरी खिळा’ म्हणतात. पहिला ठरला तो आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्लोंक येथे, डेव्होनियनच्या तळाशी. सिल्युरियनच्या तळाचा खिळा लॅपवर्थच्या डॉब्ज लिनलाच आहे. दोन्ही ग्रॅप्टोलाइटवर.

पट्टीच्या दोन्ही टोकांना मात्र जीवाश्मांचे चालत नाही. अलीकडच्या टोकाला जाती बदलायला वेळच मिळालेला नाही. त्यामुळे होलोसीन या आजच्या कालखंडाची सुरुवात ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यात, ११,७०० वर्षांपूर्वी धरली आहे, आणि २०१८ मध्ये मान्य झालेल्या मेघालयन कालाची सुरुवात मेघालयातल्या मावमलूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी. मानवयुग (अँथ्रोपोसीन) हा नवा कालखंड मानण्याचा प्रस्ताव कॅनडातल्या एका तळ्याच्या गाळात सापडणाऱ्या, अणुचाचण्यांतून आलेल्या प्लुटोनियमवर उभा होता; २०२४ मध्ये तो फेटाळला गेला.

दुसऱ्या टोकाचे कोडे डार्विनलाही सतावत होते: सर्वांत जुन्या जीवाश्मांच्या थरांखाली काहीच का नाही? १९४६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत एका भूवैज्ञानिकाला आणि १९५०च्या दशकात इंग्लंडच्या चार्नवुड जंगलात शाळकरी मुलांना मऊ अंगाच्या जीवांचे ठसे सापडले, आणि उत्तराचा काही भाग हाती आला. २००४ मध्ये एडियाकरन हा नवा कल्प मान्य झाला. त्यानंतरच्या कँब्रियनची सुरुवात, सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर एका बिळाच्या ठशाने ठरते. ते पोखरणारा प्राणी कसा होता, हे त्या ठशावरून कळत नाही. एडियाकरनच्या खाली क्रम लावण्याजोगे जीवाश्म जवळपास नाहीत. सूक्ष्मजीवांनी रचलेले थरदार दगडी उंचवटे, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, आहेत, पण कोट्यवधी वर्षे ते फारसे बदलले नाहीत. म्हणून तिथे २५० कोटी, १६० कोटी, १०० कोटी असे गोल आकडे समितीने ठरवून रेघा ओढल्या आहेत, आणि त्या खडकांतल्या खऱ्या खुणांवर आणण्याचे काम अजून चालू आहे.