लिंबाच्या पानातील नागअळी कशी ओळखावी

बडोद्यात पावसाच्या पहिल्या सरींनंतर दांडिया बाजारातील आमच्या गच्चीवरच्या कागदी लिंबाला कोवळी पालवी फुटते आणि काही दिवसांतच तिच्यावर, जणू गोगलगाय फिरून गेली असावी, अशा चंदेरी नागमोडी रेषा उमटतात. बोट फिरवले तर चिकट काहीच लागत नाही, कारण या रेषा पानाच्या पातळ सालीखाली असतात. शेतकरी या किडीला नागअळी म्हणतात आणि मला हे नाव फार समर्पक वाटते. तिचे शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला असून १८५६ मध्ये स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले.

हिचा पतंग पंख पसरल्यावर जेमतेम चार मिलिमीटर भरतो. रुपेरी पंखांच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो. पण पतंग संध्याकाळी व पहाटे वावरत असल्याने तो सहसा नजरेस पडत नाही. म्हणून ओळख पटवायची ती पानावरूनच. पान उजेडासमोर धरले की बोगद्याच्या मधोमध विष्ठेची सलग काळपट रेघ दिसते, आणि बोगदा पानाच्या कडेला जाऊन संपतो, जिथे अळी कड दुमडून कोषात जाते. टोमॅटोच्या पानांवरही अशाच रेषा पडतात, पण त्या बहुधा एका बारीक माशीच्या अळीच्या असतात. तिची विष्ठा बोगद्याच्या आलटून पालटून दोन्ही कडांना पडते आणि त्या अळीला स्पष्ट डोके नसते.

झाड कोणते आणि बोगदा पानाच्या कोणत्या बाजूला, हे दोन प्रश्न किती निर्णायक ठरतात, ते युरोपातील हेझलच्या झुडपावर उत्तम दिसते. तिथे फिलोनोरिक्टर या एकाच वंशातील दोन जातींचे पतंग एकाच पानावर राहू शकतात: कोरिली पानाच्या वरच्या बाजूला पांढरट फोडासारखा डाग पाडतो, तर निसेली खालच्या बाजूला शिरांच्या मधोमध पोखरतो आणि तेथे पानाला सुरकुत्या पडतात.

खात्री करायची असल्यास कड दुमडलेले पान काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. काही दिवसांनी रुपेरी पतंग बाहेर येतो. कधीकधी मात्र त्याच्याऐवजी त्या अळीवर वाढलेली, पतंगाहूनही लहान अशी परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडते, आणि अशा झाडावर कीटकनाशक फवारणे मी टाळते.