अर्धशिशी आणि मॅग्नेशियमची गोळी: डबी घेण्याआधी एवढं वाचा

ताई, रोज कुणीतरी काउंटरवर येऊन "डोकं ठणकतंय, ते मॅग्नेशियम द्या" म्हणतंच, आणि आम्ही ते विकतो म्हणूनच आधी सांगतो की ही पेनकिलर नाही, आत्ता चढलेलं डोकं हिने उतरणार नाही. अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे, अटॅक कमी यावेत म्हणून ही रोज घ्यायची असते.

बायकांना मायग्रेन पुरुषांच्या जवळपास तिप्पट होतो, आणि पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घसरतं तेव्हा बऱ्याच जणींचं डोकं हमखास धरतं. १९९१ मध्ये इटलीत अशा २० जणींवर ट्रायल झाली, गोळीत रोज ३६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, पाळीच्या पंधराव्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंत, आणि दुखण्याचे दिवस कमी झाले. वीसच बायका, म्हणजे पुरावा छोटाच. १९९६ मध्ये जर्मनीत ८१ पेशंटना रोज ६०० मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी दिली, शेवटच्या महिन्यात मॅग्नेशियमवाल्यांचे अटॅक ४१.६ टक्के कमी, खोट्या गोळीवाल्यांचे १५.८. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका ट्रायलमध्ये काहीच फायदा दिसला नाही, हेही खरंय.

आता डबी उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा अख्ख्या क्षाराचं, म्हणजे मॅग्नेशियम आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या पदार्थाचं मिळून वजन असतं. मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल मॅग्नेशियम' शोधा, खरा आकडा तो. हे क्षार वेगवेगळे असतात: ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये साधारण ३०० निघतं, मॅग्नेशियम सायट्रेटमध्ये जेमतेम ८०. ऑक्साइड स्वस्त आहे पण अंगी कमी लागतं आणि जुलाब जास्त करतं. पोट बिघडलं तर डोस कमी करा, जेवणानंतर घ्या.

किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही देणारच नाही, रागावलात तरी चालेल. दिवस गेलेले असतील तरी आधी त्यांनाच विचारा. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तास अंतर ठेवा, काही अँटिबायोटिकचंही असंच असतं त्यामुळे चालू असलेली औषधं सांगा. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तापात मान आखडली तर दुकानात येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घरच्या कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहिताच ना, डोकं दुखेल त्या दिवशी तिथेच फुली मारा. तीन महिन्यांनी फुल्या मोजा, कमी झाल्या नसतील तर पुढची डबी घेऊ नका.