सातेरीची साथ आणि ‘थाई’ शब्दाचा घोळ

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या उतारावर मधपेटी ठेवणाऱ्याला आज सर्वात मोठी धास्ती असते ती थाई सॅकब्रूडची, म्हणजे मधमाशीच्या अळ्या मारणाऱ्या विषाणूच्या आजाराची. १९९१-९२च्या सुमारास या विषाणूने केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, जवळजवळ सगळ्या वसाहती संपवल्या. मधावर घर चालवणाऱ्यांनी रिकाम्या पेट्या माळ्यावर टाकल्या. आपल्याकडे आजही जी पथ्ये सांगितली जातात, त्यातली बरीचशी त्या साथीने शिकवलेली आहेत.

त्याआधीचे थोडक्यात सांगतो. १८५१ साली अमेरिकेत एका पाद्र्याने हलत्या चौकटींची पेटी केली. पुढे दक्षिण भारतात ती सातेरीच्या मापाने लहान झाली आणि खादी-ग्रामोद्योगाच्या यंत्रणेने ती महाबळेश्वरसह सह्याद्रीत पोहोचवली. पोळे न मोडता मध मिळू लागला, हा मोठाच फायदा. पण अळ्यांची चौकट उचलून शेजारच्या पेटीत घालता येऊ लागली आणि रोगालाही तीच वाट मिळाली.

आता ‘थाई’. हा आजार १९७६ मध्ये थायलंडमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. १९७८ मध्ये तो मेघालयात दिसला. युरोपीय माशीतला, म्हणजे मेलिफेरातला, सॅकब्रूड त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. दोन्ही विषाणू नात्यातले, पण एक नव्हेत. नावांच्या या गुंत्यातून एक समज घट्ट बसला आहे: “मेलिफेरा आणली आणि रोग आला.” मेलिफेरा हिमाचलात रुजली ती १९६२ पासून. दक्षिणेत मात्र ती मोठ्या प्रमाणात आली ती साथीनंतर, सातेरीची रिकामी जागा भरायला. म्हणजे तिथल्या साथीचा दोष तिच्यावर टाकणे काळाच्या हिशेबातच बसत नाही. माशीच्या अंगावर जगणारा व्हरोआ माइट हा किडा तर उलट दिशेने गेला, सातेरीकडून मेलिफेराकडे. सातेरी तो अंगावरून झाडून टाकते.

तरीही सातेरीच्या जागी मेलिफेरा आणणे ठाण्यासाठी मला चुकीचेच वाटते. मेलिफेराच्या पेट्या फुलोऱ्यामागे मोहरी-सूर्यफुलाच्या शेतांतून फिरवाव्या लागतात. आपल्याकडे जांभूळ, करंज, खाडीकाठचे तिवर आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी. शिवाय चार महिने धो-धो पाऊस. एवढ्यावर निभावते ती सातेरी.

दुसरा घोळ औषधाचा. चार वर्षांपूर्वी मी एक वसाहत विकत घेतली. विकणाऱ्याने सोबत अँटिबायोटिकच्या पिवळ्या पावडरीची पुडी दिली, “पाकात घाला, रोग येणार नाही.” तीन आठवड्यांनी चौकट उचलली तर झाकणे कुरतडलेली आणि आत अळ्या उभ्या, डोके वर करून. चिमट्याने एक ओढली, ती पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी बाहेर आली, टोकाशी थेंब लोंबत होता. वास काही नाही. फाउलब्रूडच्या अळ्यांना आंबूस वास येतो आणि अँटिबायोटिक चालते ते त्याच्यावर, कारण तो जिवाणूंचा आजार. विषाणूवर ते काहीच करत नाही, उलट मधात उतरते. मी पावडर फेकली, बाधलेली पोळी जाळली आणि राणीला पिंजऱ्यात घालून तीन आठवडे अंडी थांबवली. नव्या अळ्याच नसल्या की विषाणूला पुढे सरकायला जागा उरत नाही. वसाहत निम्मी झाली, पण तगली.

२०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ ठरले, त्यानंतर माझ्याकडे पेटीची चौकशी करणारे वाढले. प्रत्येकाला मी आधी जूनचे सांगतो: पावसाळ्यात दर आठवड्याला साखरेचा पाक, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मेणकिडा लागू नये म्हणून रिकामी पोळी बाहेर काढणे. उपाशी वसाहत एक तर पेटी सोडून जाते, नाहीतर रोगाला आधी बळी पडते. माझ्या चार पेट्यांच्या चौकटींवर आता लाल, निळे, पिवळे, पांढरे ठिपके आहेत. निळ्या ठिपक्याची चौकट लाल पेटीत जात नाही.