टाइम ऑफिसची खिडकी आणि तिकीट नंबर

पगारात तीनशे रुपये कमी आले, तर विचारायचं कुणाला? हिंजवडीतली मुलगी कंपनीचं पोर्टल उघडते, 'पेरोल' निवडते, त्यात 'डिडक्शन' शोधते आणि तिला एक तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मिळतो. चाकणच्या प्लँटवरचा मुलगा शिफ्ट सुटताना सुपरवायझरला गाठतो, कारण कंपनीचा ईमेल त्याला मिळालेलाच नसतो. ठेकेदारामार्फत आलेला माणूस फक्त शेजारच्याला विचारतो, "तुझे पण कापले का रे?" एचआरच्या, म्हणजे मनुष्यबळ विभागाच्या, बैठकांमध्ये आज 'एम्प्लॉयी एक्सपिरियन्स' (कर्मचाऱ्याचा अनुभव) म्हणून जे बोललं जातं, त्याच्या बुडाशी हा एवढाच प्रश्न आहे. प्रश्न जुनाच आहे, त्याला उत्तर देणारा मात्र अनेकदा बदलला.

सुरुवातीला उत्तर देणारा मुकादम होता. गिरणीत माणूस घेणं, काढणं, बदली देणं सगळं त्याच्या हातात, आणि त्या हाताला काहीतरी लावावं लागे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवलं आणि कारखान्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत असं सुचवलं. पुढे १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर दहाच्या आत. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. म्हणजे कामगाराने शंका विचारायची ही एचआरची खिडकी मालकाच्या दयाबुद्धीने उघडली नाही. तिची चौकट कायद्याने बसवली.

पुण्यात या खिडक्या वाढल्या त्या स्वातंत्र्यानंतर. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून होता, पण १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर भोंगे वाजू लागले. कल्याण अधिकारी लागणार होते, त्यांना शिकवणारी संस्थाही हवी होती. कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. तिथून आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून समाजकार्य शिकलेली माणसं कारखान्यात जाऊन बसली. आजच्या एचआरच्या घराण्यात एक आजोबा समाजसेवक आहेत, हे पॉवरपॉइंट पाहताना लक्षात राहत नाही.

टाइम ऑफिस, म्हणजे कारखान्यातली हजेरीची कचेरी, पाहिलेल्यांना ते आठवत असेल. गेटाशेजारची बुटकी खोली, जाळी लावलेली खिडकी, आत मस्टर, भिंतीवर पंच कार्डांचा रॅक. कामगाराचं नाव नंतर, आधी टोकन नंबर. पण खिडकीतला कारकून नंबरावरून माणूस ओळखायचा. "अरे, गेल्या महिन्यात दोन दिवस गावाला गेलेलास ना? पीएल (भरपगारी रजा) संपली तुझी." प्रश्न, रेकॉर्ड आणि उत्तर एकाच माणसाकडे. माझ्या वडिलांच्या पगाराच्या पाकिटावर वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत बारीक आकडेमोड असायची. शंका विचारली की कारकून तिथेच हिशेब मांडून द्यायचा.

याचे गोडवे फार गाऊ नयेत. खिडकी जेवणाच्या सुट्टीत उघडी राहील याची खात्री नसे, आणि कारकुनाचा गाववाला असणं ही एक सोयच होती. ज्याचा गाववाला आत नसे, तो युनियनच्या कमिटी मेंबरकडे जाई. खरं तर त्या काळातलं हेल्प डेस्क म्हणजे हा कमिटी मेंबर. त्याला कायदा पाठ, खिडकीतला माणूस माहीत, आणि उत्तर आणलं नाही तर पुढच्या निवडणुकीत पडण्याची भीती.

१९७५च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोत उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग आखून दिला. मग पाट्या बदलत गेल्या, पर्सोनेलचं एचआर झालं. बदल मोठा होता, पण चर्चा प्रशिक्षणाची आणि मूल्यमापनाची. खिडकीकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

खिडकी हलवली ती संगणकाने, आणि तीही खर्चाच्या हिशेबाने. अमेरिकेत १९८७ साली एचआरचं सॉफ्टवेअर बनवणारी पीपलसॉफ्ट निघाली. १९९७ साली एचआरचे अमेरिकी अभ्यासक डेव्ह उलरिक यांचं पुस्तक आलं, आणि त्यावरून जगभरच्या कंपन्यांनी एचआरचे तीन तुकडे केले: धंद्यासोबत बसणारे, विषयातले तज्ज्ञ, आणि रोजची कामं एका ठिकाणी उरकणारं सामायिक सेवा केंद्र. या तिसऱ्या तुकड्यात पुण्याला दोन्ही बाजूंनी काम मिळालं. रात्रपाळीच्या कॅबमधून येणारी इथली मुलं परदेशातल्या माणसांच्या पगाराच्या शंका सोडवू लागली. त्यांच्या स्वतःच्या पगाराची शंका मात्र दुसऱ्याच शहरातल्या केंद्राकडे जात होती.

तिकीट हा प्रकार एचआरचा नव्हेच. तो आयटीतून आला. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने आयटी सेवा कशी चालवावी याचे नियम बांधले. बिघाड नोंदवा, वर्ग ठरवा, मुदत ठरवा, बंद करा. २००४ साली फ्रेड लडी यांनी काढलेल्या सर्व्हिसनाउसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी पुढे हीच रीत एचआरला नेऊन दिली. प्रिंटर बिघडला तर ती ठीक चालते. पण बाळंतपणाची रजा म्हणजे बिघडलेला प्रिंटर नाही. एकाच बाईला रजेचे नियम, विमा, पगार आणि परत येण्याची तारीख यासाठी चार वेगळी तिकिटं काढावी लागतात, आणि चौघे तिला चार वेगळ्या तारखा सांगतात.

मोजमापाची गंमत आणखी पुढे. मुदत घड्याळावर चालते, पण 'कर्मचाऱ्याकडून माहितीची प्रतीक्षा' असा शेरा मारला की घड्याळ थांबतं. तेव्हा एक कागद मागायचा आणि निवांत बसायचं. महिन्याच्या अहवालात सगळे रकाने हिरवे, आणि मजल्यावर माणसं लाल. या धंद्यातले लोक याला कलिंगड म्हणतात. 'अनुभव' मोजायची भाषा इथून सुरू झाली. तिकीट किती वेळात बंद झालं हे न विचारता, तुझं काम झालं का, हे विचारायचं. एअरबीएनबीने २०१५च्या आसपास एचआर प्रमुखाच्या पदनामातच 'एम्प्लॉयी एक्सपिरियन्स' घातलं, तेव्हा या शब्दाला प्रतिष्ठा आली.

सेल्फ सर्व्हिसबद्दल मात्र माझं मत फारसं बरं नाही. पत्ता बदलणं, रजा टाकणं, फॉर्म १६ (कर कापल्याचा दाखला) उतरवून घेणं सोपं झालं, हे मान्य. पण पुष्कळ ठिकाणी झालं असं, की कारकुनाचं काम कर्मचाऱ्याकडे आलं आणि कारकुनाचं ज्ञान कुणाकडेच आलं नाही. रजेचे अकरा कोड समोर येतात. त्यातला आपला कुठला, हे पूर्वी खिडकीतला माणूस सांगायचा.

खरी सुधारणा कशी दिसते याचं उदाहरण पीएफमध्ये आहे, आणि तेही सरकारी. पूर्वी नोकरी बदलली की नवा पीएफ नंबर, जुने पैसे आणायला फॉर्म १३, त्यावर जुन्या कंपनीची सही. दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या पुण्यातल्या आयटीवाल्यांचे तीन-तीन खात्यांतले पैसे अडकून पडत. २०१४ साली आयुष्यभरासाठी एकच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आला. पुढे आधार जोडलेल्यांना मालकाच्या सहीशिवाय दावा करता येऊ लागला. लोकांना जो आराम मिळाला, तो एक सही गेल्यामुळे. ॲप असतं आणि सहीही राहिली असती, तर मालकाच्या दारातली चक्कर चुकली नसती. अर्थात सगळं सुटलं नाही. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना आधार आणि पीएफमधलं नाव जुळवताना काय होतं, ते त्यांनाच विचारा.

भाषेच्या बाबतीत तर आपण मागे गेलो. १९४६च्या स्थायी आदेश कायद्यात अट होती की कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, दाराजवळच्या फलकावर लावावेत. म्हणून जुन्या कारखान्यांच्या गेटावर मराठी फलक दिसत. नियम फलकावरून पोर्टलवर गेले तेव्हा मराठी बहुतेक ठिकाणी फलकापाशीच राहिली. आता चॅटबॉट आले आहेत. त्यांच्यापुढे माणसं इंग्रजी अक्षरांत 'माझी सुट्टी किती राहिली' असं टाइप करतात आणि बॉट त्यांना सुट्ट्यांचं धोरण उघडून देतो, सत्तावीस पानांचं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने खिडकीला पुन्हा एक चौकट बसवली आहे. कामावरून काढलं असो की राजीनामा दिला असो, देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायचं. पूर्वीच्या कायद्यात ही मुदत काढलेल्यांपुरतीच होती. राजीनामा देणाऱ्याने 'फुल अँड फायनल', म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी महिना-दीड महिना थांबायचं, हीच रीत पडली होती. नवी मुदत पाळायची तर नो-ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं उरलं नाही असं सांगणारा, फॉर्म आधी पाहावा लागेल. एका ओळखीच्या कंपनीतला फॉर्म मी अलीकडेच पाहिला. त्यावर नऊ विभागांच्या सह्या लागतात. सातवी ग्रंथालयाची आहे. त्या कंपनीतलं ग्रंथालय बंद झालं, तिथे आता कॉफीचं मशीन आहे, आणि सही ॲडमिनचा माणूस करतो, दर गुरुवारी.