२८ डेसिबलची शिदोरी

खिडकीची साधी काच समोरून पाहिली तर आरपार दिसते. तीच काच कडेने पाहा, गडद हिरवी दिसेल. चार-पाच मिलिमीटर जाडीत जे जाणवत नाही ते दोन फूट लांबीत लगेच जाणवते, कारण काचेतले लोखंड प्रकाश खाते. काचेच्या धाग्यातून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, संदेश पाठवू पाहणाऱ्यांची १९६० च्या दशकातली अडचण नेमकी हीच होती. त्या वेळच्या धाग्यात दर किलोमीटरला साधारण १००० डेसिबल घट होई.

डेसिबलचा हिशेब एकदा समजला की पुढचे सगळे सोपे आहे. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० म्हणजे दहावा हिस्सा, २० म्हणजे शंभरावा. वाटेतल्या घटी गुणत बसायच्या नाहीत, नुसती बेरीज करायची. किलोमीटरला १००० म्हणजे मीटरला १ डेसिबल. म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर एका दुकानातून समोरच्या दुकानात जाईपर्यंत, वीस मीटरमध्येच, शंभरातला एक हिस्सा उरला.

प्रकाशावर आवाज स्वार करण्याची कल्पना मात्र त्याहून फार जुनी. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनला थरथरत्या आरशावरून ऊन परावर्तित करून २१३ मीटरवर बोलणे ऐकवले. पलीकडे प्रकाश टिपणारा सेलेनियमचा सेल होता. यंत्र उत्तम होते, पण वाट हवेतून होती. ढग आला की संभाषण बंद. प्रकाशाला आडोशाची वाट हवी, आणि ती काचच देऊ शकते. आतला गाभा थोड्या जास्त अपवर्तनांकाचा (काच प्रकाशाला किती वळवते तो अंक), भोवतीचे आवरण किंचित कमी अंकाचे, म्हणजे प्रकाश सीमेवरून आतच परततो. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये अशा धाग्यांच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवले. पण ते अंतर शरीरात डोकावण्यापुरते होते, शहरे जोडण्याचे नव्हते.

१९६६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मुद्द्यावर बोट ठेवले: दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. अशुद्धी काढा, घट किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली येईल आणि दूरसंचार शक्य होईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १७ डेसिबलचा धागा ओढून दाखवला. त्याच वर्षी खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेझरही तयार झाला. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले.

काच इतकी शुद्ध कशी झाली, ही युक्ती फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग तोच आहे. वाळू वितळवून लोखंड वेगळे काढता येत नाही. म्हणून वाळूला हातच लावला नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हे द्रव ५८ अंशांच्या आसपास उकळते, लोखंडाच्या क्लोराइडची वाफ व्हायला मात्र ३०० अंशांच्या पलीकडे जावे लागते. म्हणजे सिलिकॉनची वाफ निघाली तरी लोखंड भांड्यातच राहते. ती वाफ ऑक्सिजनसोबत तापवली की पांढऱ्या काजळीसारखी निखळ काच जमत जाते. गाभ्यासाठी त्यात थोडे जर्मेनियम घालायचे. अशी जाड कांडी उंच मनोऱ्यात सुमारे २००० अंशांवर तापवून १२५ मायक्रॉन जाडीचा धागा ओढतात. त्यातला गाभा अवघा ९ मायक्रॉनचा असतो.

आज १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट लागते. नागपूर ते अमरावती सुमारे १५० किलोमीटर. नुसत्या धाग्याची घट धरली तर ३० डेसिबल, म्हणजे हजारातला एक भाग पोहोचतो. संदेश वाचायला तेवढा पुरतो. त्यापुढे मात्र प्रकाशाला बळ द्यावे लागते. १९८७ मध्ये डेव्हिड पेन यांच्या साउदॅम्प्टनच्या गटाने एर्बियम मिसळलेला धागा वापरून प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच तो वाढवला. ९८० नॅनोमीटरचा लेझर एर्बियमला ऊर्जा देतो आणि १५५० च्या आसपासचे सगळे रंग एकदम बळकट होऊन निघतात. एकाच धाग्यात डझनावारी रंग पाठवणे त्यामुळेच परवडले. दुसरा मार्ग रामन विवर्धनाचा. त्यात साधा धागाच विवर्धक बनतो. फक्त संदेशापेक्षा सुमारे १०० नॅनोमीटर कमी तरंगलांबीचा जोरदार लेझर त्यात सोडावा लागतो. ज्यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये लेखा खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. त्यांचा शोध १९२८ चा.

आता घरापर्यंतची वाट. घरोघरी येणाऱ्या फायबरला सहसा जीपॉन पद्धत असते. एक्स्चेंजमधले यंत्र ओएलटी, घरातला डबा ओएनटी. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा, दोन्ही एकाच धाग्यात. नेहमीच्या बी-प्लस वर्गात वाटखर्चाला २८ डेसिबल मिळतात. ही प्रकाशाची शिदोरी, आणि ती कुठे संपते हे आकड्यांत पाहणेच बरे.

ओएलटीतून ३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल), म्हणजे २ मिलिवॉट प्रकाश निघाला असे धरू. सहा किलोमीटर धाग्याला १.५ डेसिबल. वाटेत एकास चार स्प्लिटर (एका धाग्यातला प्रकाश चार धाग्यांत वाटणारा), ७.२. पुढे एकास आठ, १०.५. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ धरून १.२. आठ स्प्लाइस (धागे वितळवून केलेले जोड), ०.०५ प्रमाणे ०.४. बेरीज २०.८. घरी पोहोचले उणे १७.८ डीबीएम. ओएनटीला उणे २७ पर्यंत वाचता येते, म्हणजे हाताशी ९.२ डेसिबल शिल्लक; २८ च्या शिदोरीतून मोजले तर ७.२. गंमत बघा, सहा किलोमीटरच्या प्रवासाने दीड डेसिबल खाल्ले आणि ३२ घरांत वाटणी करण्याने जवळपास अठरा. म्हणूनच मंजूर स्प्लिटरच्या पुढे कुणी गुपचूप आणखी एक एकास दोन जोडला की साडेतीन डेसिबल गेले आणि त्या फांदीवरच्या सगळ्या घरांची शिल्लक तेवढी घटली.

उरलेली शिल्लक घरात आणि गच्चीवर संपते. कनेक्टरची टोके आधी बघा. हिरवा कनेक्टर ८ अंश तिरपा घासलेला असतो, निळा जवळपास सपाट. हिरव्यात निळा घातला की बसतो बरोबर, पण आत टोके टेकत नाहीत, फट राहते आणि काही डेसिबल तिथेच जातात. धुळीचा तीन-चार मायक्रॉनचा कणही ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर मोठा असतो. पुसल्याशिवाय कनेक्टर लावू नये, फुंकर तर मुळीच मारू नये. तोंडातला ओलावा टोकावर बसतो. जोडलेला धागा डोळ्यासमोर धरून 'उजेड येतो का' पाहणेही चुकीचे आणि धोक्याचे. १४९० चा प्रकाश दिसत नाही, आणि काही लायनींवर टीव्हीसाठी जोरदार १५५० ही असतो. पॉवर मीटर लावा, आणि मीटरवर तरंगलांबी १४९० ठेवली आहे ना ते तपासा.

नागपुरात एप्रिलमध्ये खिडकीत कुलर बसतो, आणि ड्रॉप वायर (घरात येणारी फायबरची शेवटची वायर) बहुतेक त्याच खिडकीतून आत येते. कुलरची पत्र्याची कड किंवा सरकती काच वायरीवर दाबून बसली की धाग्याला तीव्र बाक पडतो आणि प्रकाश आवरणातून बाहेर गळतो. जुन्या पद्धतीच्या जी-६५२ धाग्याला ३० मिलिमीटरहून लहान त्रिज्येचे वळण देऊ नये. जी-६५७ ए-२ धागा साडेसात मिलिमीटरचा वेढा सोसतो, पण चिरडणे तोही सोसत नाही. अशा बाकाची खूण अशी की १३१० वर घट किरकोळ आणि १५५० वर बरीच दिसते. खराब स्प्लाइस दोन्हीवर जवळपास सारखाच दिसतो.

स्प्लाइस कसा करतात तेही पाहू. आधी संरक्षक स्लीव्ह धाग्यात ओवून घ्यायची. ही विसरली तर झालेला जोड तोडावा लागतो. मग स्ट्रिपरने ३-४ सेंटिमीटर कोटिंग एका ओढीत काढायचे. धागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कागदाने पुसायचा. स्वच्छ झाला की बारीक चुकचुक आवाज येतो. क्लीव्हर (टोक तोडायचे अवजार) धागा कापत नाही. पाते नुसता ओरखडा काढते आणि ताणाने धागा तिथे तडकतो, म्हणून टोक आरशासारखे सपाट निघते. ते एका अंशाहून जास्त तिरपे नको. क्लीव्ह झाल्यावर टोकाला काहीही लावायचे नाही, पुसायचेसुद्धा नाही. यंत्र दोन्ही टोके जुळवून विजेच्या ठिणगीत वितळवते. अंदाजी घट ०.०५ च्या आत हवी. जोडात बुडबुडा दिसला तर टोक मळके होते. ०.१ च्या वर गेले तर पुन्हा करायचे, 'चालतंय' म्हणून पुढे जायचे नाही. शेवटी स्लीव्ह तापवून आवळायची आणि थंड होईस्तोवर हलवायची नाही. तापमान आणि दमटपणा बदलला की ठिणगीची ताकद बदलते. मेच्या ४५ अंशांत नीट चाललेले यंत्र पहिल्या पावसानंतर तसेच चालेल असे गृहीत न धरता आर्क कॅलिब्रेशन (ठिणगीची ताकद पुन्हा जुळवणे) करून घ्यावे. धाग्याचे तुकडे डबीतच टाकावेत. कातडीत घुसले तर सापडत नाहीत.

जमिनीखालची अडचण वेगळी. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या ओढाताणीत डक्टचे (केबलच्या जमिनीखालच्या नळ्यांचे) जोड सुटतात, गाळ आत शिरतो आणि पुढे केबल ओढता येत नाही. म्हणून चेंबरमध्ये (जोडांसाठीच्या जमिनीतल्या खड्ड्यात) केबलचा दहा-वीस मीटरचा वेढा राखून ठेवतात. तो वेढा दुरुस्तीला उपयोगी पडतो, पण दोष शोधताना फसवतोही.

दोष शोधायचे यंत्र ओटीडीआर. ते धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडते आणि वाटेतून किती परत येतो ते वेळेनुसार मांडते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला जवळपास १० मायक्रोसेकंद. १० नॅनोसेकंदांच्या ठोक्याने मीटरभर अंतरावरचे दोन दोष वेगळे दिसतात; एक मायक्रोसेकंदाच्या ठोक्याने दूरवरचे कळते, पण शंभर मीटर एकात एक मिसळतात. यंत्राच्या तोंडाशी काही अंतर आंधळे असते, म्हणून आधी लांब लाँच केबल जोडतात. सपाट तुटलेले टोक आलेखावर उंच टोचा दाखवते, चिरडलेले टोक नुसतेच खाली घसरते.

जेसीबीने केबल तुटली आणि आलेखाने २४०० मीटर दाखवले, म्हणजे रस्त्यावर २४०० मीटर मोजून खोदायचे असे नाही. केबलच्या नळीत धागा पीळ देऊन बसवलेला असतो, त्यामुळे तो केबलपेक्षा थोडा लांब असतो. वाटेतल्या पाच चेंबरमध्ये पंधरा-पंधरा मीटरचे वेढे असतील तर ७५ मीटर तिथेच गेले. सिमेंटच्या रस्त्यावर ही चूक फार महाग पडते. म्हणून दोषाच्या जवळचे चेंबर उघडून, तिथल्या जॉइंटवरून पुन्हा मोजतात. तिथून उरलेले अंतर शे-दीडशे मीटर असते आणि चूक एक-दोन मीटरवर येते. मग खड्डा एकच खणावा लागतो.