पोटात साठवलेला श्वास आणि ठोशाची ताकद

समज असा: चिनी युद्धकलेतले उस्ताद श्वासाने बेंबीखाली 'ची' नावाची शक्ती साठवतात आणि ठोशातून ती बाहेर सोडतात.

हवा फुप्फुसांच्या खाली जात नाही. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, आतले अवयव दाबले जातात आणि पोट पुढे येते. बेंबीखालच्या ज्या जागेला चिनी परंपरेत 'दानत्येन' म्हणतात, तिथे भरल्यासारखे वाटते ते यामुळेच. जाणवते ते खरे असते, फक्त तिथे साठा नसतो.

मग जोर येतो कुठून? जमिनीतून. चाकांच्या खुर्चीत पाय उचलून बसा आणि भिंत ढकला; तुम्हीच मागे जाल. आता एक पाय मागे रोवून, पुढचा गुडघा वाकवून ढकला. हाच 'गोंगबू', धनुष्यासारखा पवित्रा. मागची टाच जमिनीला रेटते, तो रेटा कमरेतून खांद्यात आणि हातात येतो. कंबर सैल असेल तर वाटेतच जिरतो.

श्वासाचे काम इथे आहे. पोटावर हात ठेवून जोरात 'हा!' म्हणा. पोट घट्ट होते ना? ठोशाच्या क्षणी झटक्याने श्वास सोडतात तो धड असे ताठ करण्यासाठी. जुन्या गुरूंचा सल्ला म्हणूनच उपयोगी पडतो, स्पष्टीकरण वेगळे असले तरी.